ओल्या काचेचं वेड

एका निगेटिव्हसाठी अख्खी संध्याकाळ खर्ची घालणं हे वेड आहे, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ते घरोघरी लागावं असं मला मनापासून वाटतं.

शहाणी माणसं जुनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरतात, मोबाइलने टिपतात आणि रंग उलटवून घेतात. दोन मिनिटांचं काम. वेडा माणूस आधी पंखा बंद करतो, कारण धूळ उडते. मग गॅस आणि देवघरातली समई विझवून खिडकी उघडतो, कारण वापरायचा द्रव पेट घेणारा असतो. स्कॅनरच्या काचेवर त्या द्रवाचे थेंब, त्यावर चार बाय पाच इंचांची निगेटिव्ह, पुन्हा थेंब, वर मायलरचा पारदर्शक कागद. मग मधून कडेकडे रूळ फिरवत एकेक बुडबुडा बाहेर काढायचा. डोळ्यांच्या जागी एक जरी राहिला, तरी सगळं उचलून पुन्हा पहिल्यापासून.

या खटाटोपाला पक्कं कारण आहे. फिल्मचा अपवर्तनांक साधारण १.५, हवेचा १. कोरड्या फिल्मवरच्या ओरखड्यात हवा असते, तिथे प्रकाश वाकतो आणि पांढरी रेघ उमटते. फिल्मच्या जवळपासचा अपवर्तनांक असलेला द्रव त्या खाचेत भरला की रेघ दिसेनाशी होते. काच आणि फिल्म यांच्यामधल्या हवेने उमटणारी इंद्रधनुषी वलयंही जातात. मधोमध झोळ आलेली मोठी फिल्म सपाट बसते. ओरखडे पुसणारी स्कॅनरमधली डिजिटल आइसची सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही. तिच्यातली चांदीच इन्फ्रारेड किरण अडवते. एप्सनने व्ही ७५० स्कॅनरसोबत अशा ओल्या स्कॅनिंगसाठी काचेचा खास ट्रे दिला होता, तो उगीच नव्हे.

२४०० डीपीआयला अशा निगेटिव्हमधून साडेअकरा कोटी ठिपके मिळतात. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मुलाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसतं, बाईंच्या गालावर रिटच करणाऱ्याने फिरवलेली बारीक पेन्सिल दिसते. (ती पेन्सिल द्रवाने सुटत नाही ना, हे आधी एका कोपऱ्यात पाहावं.)

पण चेहरे टिकतात ते कुणी सांभाळले तरच. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणात जन्मल्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली यांच्याबरोबर काढलेलं त्यांचं छायाचित्र आज आपण पाहू शकतो, कारण ते तिथल्या संग्रहात कुणीतरी सांभाळून ठेवलं. आपल्याकडच्या कपाटांतल्या चेहऱ्यांची तशी काळजी कोण घेणार? खाडीकाठची दमट हवा तर थांबत नाही. अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आक्रसते, इमल्शनला सुरकुत्या पडतात. बुरशी जिलेटिन खाते आणि असं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने पुसू नये. चेहराच पुसला जाईल.

बंद पडलेल्या स्टुडिओंचे वारस आणि जुन्या शाळा यांनी निगेटिव्हची खोकी पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली काढावीत. आंबट वास येणाऱ्या निगेटिव्ह आधी वेगळ्या कराव्यात, कारण त्यांची वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. काच ओली करायची ती पहिल्यांदा त्यांच्यासाठी.