पाळीव पिरपिर

पुण्याहून सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्याने, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातील आमच्या घरी मी सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला मुक्तहस्ते पेरीत असता, "मामा, पोह्यांवर शेव हा माझा पेट पीव्ह आहे," असे जाहीर केले, तेव्हा या एका वाक्याने आळीत केवढा अनर्थ ओढवणार आहे याची त्याला वा मला यत्किंचितही कल्पना नव्हती.

साखरेसाठी वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजारच्या भाभीजींनी त्या वाक्यातले दोनच शब्द नेमके टिपले. त्यांच्या हिंदीत पेट म्हणजे पोट आणि पीव म्हणजे पू. पाहुण्या पोराच्या पोटात पू झाला असून निर्दय मामा त्याला शेव चारतो आहे, ही वार्ता दुपारपर्यंत मालवा मिलच्या चौकात पोचली. संध्याकाळी कोणी हिंगाष्टक चूर्ण आणले, कोणी मंतरलेला दोरा, आणि एक वृद्ध गिरणीकामगार तर त्याला एमवाय इस्पितळात न्यायला रिक्षाच घेऊन हजर झाले. (आमचा मोहल्ला नावाने परदेशी खरा, परंतु परक्याच्या पोटाविषयी इतकी आस्था मी अन्यत्र पाहिलेली नाही.)

रिक्षाची रवानगी करून मी त्या शब्दाची चौकशी आरंभिली. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 सालच्या इंग्रजी-मराठी कोशात तो धुंडाळणे व्यर्थच होते, कारण तेव्हा तो जन्मालाच आलेला नव्हता. इंग्रजीत 'पीव्हिश', म्हणजे कुरकुऱ्या, हे विशेषण मध्ययुगापासून नांदत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोणीतरी त्याचे शेपूट छाटले आणि उरल्या धडाला 'पीव्ह' म्हणू लागले. म्हणजे कुरकुऱ्या माणूस आधी आणि त्याची कुरकुर मागाहून. अनुभवही असाच आहे की स्वभाव तयार असला म्हणजे कारण सापडायला वेळ लागत नाही. पुढे अमेरिकेत त्यामागे 'पेट' हे उपपद लागले. पेट म्हणजे पाळलेला, लाडका.

आता, त्राग्याच्या शब्दांचा आपल्याकडे दुष्काळ आहे असे कोण म्हणेल? कटकट बाहेरून येते, चिडचिड आतून. किरकिर तान्ह्या मुलाची, भुणभुण डासाची व विमा-एजंटाची, धुसफूस सत्तारूढ पक्षाची. खुसपट दुसऱ्याचे काढायचे असते आणि सल आपला आपण जपायचा असतो. एवढी शब्दसंपदा, पण त्या त्राग्याला आपणच दूधभात घालून पोसले आहे, अशी कबुली त्यातला एकही शब्द देत नाही. ती त्या उपऱ्या इंग्रजी शब्दाने दिली.

माझ्या पाळीव त्राग्याचे नाव 'नळ आले'. नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी घाटावर चढवून 1978 साली इंदुरात आणण्यात आले. एवढ्या खटाटोपाने आणलेल्या पाण्याला श्रेय न देता इंदुरी मराठी, 'नल आ गए' या हिंदीच्या सुरात सूर मिसळून, 'नळ आले' म्हणून मोकळी होते, जणू नळच आपल्या पायांनी चालत आले. गेली वीस वर्षे आमच्या घरी पहाटे ही हाळी उठते, मी अंथरुणातून ताडकन उठून, "नळ येत नसतात, नळाला पाणी येते," असे बजावीत मोरीपर्यंत जातो, आणि दुरुस्ती पुरी होईतो माझ्या हाती बादली आलेली असते. घरातला हौद आजवर माझ्या व्याकरणशुद्धीनेच भरत आलेला आहे, हे मात्र भाचा येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्याच्या आठ दिवसांच्या सहवासाने सौभाग्यवतींची भाषा सुधारली. त्याच्या निघण्याच्या दिवशी पहाटे माजघरातून अत्यंत शुद्ध मराठीत शब्द आले, "अहो, नळाला पाणी आले आहे." वाक्यात हरकत घेण्याजोगे काहीच नव्हते. मी समाधानाने कूस बदलली, पांघरूण ओढून घेतले आणि गाढ झोपी गेलो.

उठून पाहतो तो नळ गेले होते.