तुमच्याकडे नसेलच म्हणा...

पुण्यातील ध्वनिमुद्रिका, कॅसेटी आणि चित्रपटांच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानांचा ऱ्हास कशामुळे झाला, याचे उत्तर सर्वसाधारणपणे तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधले जाते, आणि ते चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्या दुकानांत गिऱ्हाईक नेमके कशासाठी जात असे, हा त्याआधीचा प्रश्न मात्र दुर्लक्षितच राहिला आहे. गाणे विकत घेण्यासाठी, हे उत्तर फार वरवरचे होईल. ज्या शहरात वस्तू हातात घेऊन, उलटी करून, किंमत वाचून, "बरं" म्हणत परत ठेवणे हा एक संपूर्ण व्यवहार मानला जातो, तेथे खरेदी हा दुकानात जाण्याच्या अनेक हेतूंपैकी एक, आणि तोही बहुधा शेवटचा हेतू असतो.

या दुकानांचा खरा आश्रयदाता म्हणजे रसिक. हा इसम साधारणतः चाळिशीच्या पुढचा, हात पाठीमागे बांधून फळीवरच्या कॅसेटींची नावे वाचत जाणारा, आणि दुकानदाराने "काय हवंय?" असे विचारल्यास "बघतोय" एवढेच सांगणारा असे. दुकानात आणखी दोन-तीन माणसे जमली आणि त्यांतले एखादे जाणकार दिसले, की तो घसा साफ करून विचारी, "तुमच्याकडे नसेलच म्हणा, पण मल्लिकार्जुन मन्सूरांचा खट आहे का?" खट हा सकाळी गायला जाणारा, क्वचितच ऐकू येणारा राग होय, तो ऐकण्यापेक्षा त्याचे नाव घेण्यात अधिक आनंद आहे, असे मानणारा एक संप्रदाय पुण्यात पूर्वीपासून आहे. वाक्याचा पूर्वार्ध दुकानदारासाठी असे, उत्तरार्ध उपस्थितांसाठी, आणि अपेक्षित उत्तर एकच असे, ते म्हणजे "नाही". त्या नकाराने रसिकाची उंची इंचभर वाढे, आणि पैसेही वाचत. परंतु एखादा दुकानदार काही न बोलता स्टुलावर चढून वरच्या फळीवरून नेमकी तीच कॅसेट काढी व काउंटरवर ठेवी, तेव्हा रसिकाचा चेहरा पाहण्यासारखा होई, कारण आता ती घेण्यावाचून गत्यंतर नसे. प्रस्तुत लेखक या संप्रदायाचा दीर्घकाळ क्रियाशील सदस्य होता, आणि त्याच्या संग्रहात अशा काही कॅसेटी आजही आहेत ज्या केवळ दुकानदाराने "आहे" म्हटल्यामुळे घ्याव्या लागल्या आणि ज्यांचे पारदर्शक वेष्टन अद्याप शाबूत आहे.

कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाउससारख्या ठिकाणी, जेथे कॅसेटी विकल्या तर जातच, पण शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी प्रकाशितही केल्या जात, तेथे हा प्रश्न विचारणे विशेष धोक्याचे होते, कारण परीक्षा घ्यायला गेलेला इसम पाचव्या मिनिटाला स्वतःच परीक्षार्थी होऊन बसे.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणाच्या साधनांनी केवळ संगीत साठवले नाही, तर त्याची लांबीही ठरवली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला व त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटे मावत असत, आणि तासभर राग मांडणाऱ्या गायकांना आलाप, बंदिश व ताना एवढ्या अवकाशात उरकाव्या लागत. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. हे आत्मप्रौढीमुळे नव्हे, तर तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथील तंत्रज्ञांना कळावे म्हणून. पुढे दीर्घवादन तबकडी आली, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व एका बाजूला २० मिनिटांहून थोडी अधिक वाजणारी. आणि नंतर फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेली कॅसेट आली, जी ६० मिनिटांची असल्यास एका बाजूला ३० मिनिटे चालते. परिणामी विलंबित ख्याल ऐन रंगात आला असता आवाज हळूहळू बारीक होत जाई, खट्कन बटण उडे, आणि श्रोता उठून, पंख्याचा वेग कमी करून, स्वयंपाकघरात चहाची चौकशी करून, कॅसेट उलटी करी. विषयांतर अजून संपलेले नाही. एका संपूर्ण पिढीने अशा प्रकारे ऐकलेला राग मनात त्या खट्कन आवाजासह साठवला, आणि सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेच्या पटांगणावर तोच राग सलग ऐकताना तिसाव्या मिनिटाच्या सुमारास आजूबाजूचे अनेक जण विनाकारण उठून उभे राहत, याची अन्य कोणतीही शास्त्रीय उपपत्ती प्रस्तुत लेखकास सुचत नाही. बटाटेवड्याच्या दुकानाची उपपत्ती काही जण मांडतात. ती अरसिक आहे.

चित्रपटांच्या बाबतीत दांभिकता अधिक उघड होती. १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाल्यामुळे डेक्कनपासून लॉ कॉलेज रस्त्यापर्यंतच्या रहिवाशांवर जागतिक सिनेमा समजण्याची एक सामाजिक जबाबदारी येऊन पडली होती. त्यामुळे व्हिडिओ लायब्ररीतून, म्हणजे चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानातून, बाहेर पडणाऱ्या सभ्य गृहस्थाच्या हातातील चळतीत वर कुरोसावा आणि खाली दादा कोंडके असा क्रम असे, आणि परत करताना वरची तबकडी न पाहिलेलीच जाई. व्हीसीडी या प्रकारात एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत असल्याने हिंदी चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत, आणि मध्यंतर कोठे व्हावे हे दिग्दर्शकाच्या हातात राहिले नव्हते.

पडझडीचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. शंभरावर गाणी एका तबकडीत कोंबणारी एमपी-३ पदपथावर आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. पुढच्या वर्षी यूट्यूबची भारतीय आवृत्ती सुरू झाली. आणि २०१६ मध्ये, ज्या वर्षी मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे १९४० च्या दशकापासूनचे दुकान फेब्रुवारीअखेर बंद झाले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओमुळे मोबाइलवरचे इंटरनेट जवळजवळ फुकट झाले. पुण्यातील रसिकांनी या सर्व घटनांबद्दल तीव्र हळहळ व्यक्त केली. मित्राच्या तबकड्यांवरून कोऱ्या कॅसेटी भरून घेण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, तेही चौर्यमुद्रणाच्या नावाने बोटे मोडू लागले.

मोबाइलमधील गाण्यांच्या अ‍ॅपचा मूळ दोष असा की ते कधीही "नाही" म्हणत नाही. खट मागा, खट हजर होतो; त्यासोबत आणखी चाळीस खट हजर होतात, आणि मागणाऱ्याच्या व्यासंगाने कोणीही चकित होत नाही. दुकान गेले तेव्हा गाणे गेले नाही. गेला तो श्रोतृवर्ग, म्हणजे गाण्याचा नव्हे, रसिकाचा. एवढेच असते तर या ऱ्हासाबद्दल दुःख मानण्याचे कारण नव्हते.

परंतु दुकान आणखी एक काम करीत असे, ज्याचे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत. भीमसेन जोशी यांच्या बालपणाविषयी असे सांगितले जाते की गदग येथे शाळेतून येता-जाता ते ग्रामोफोनच्या दुकानासमोर उभे राहत, आणि तेथे वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची ठुमरी ऐकून त्यांनी गाण्यासाठी घर सोडले. त्या मुलाने दुकानातून काहीही विकत घेतलेले नव्हते, आणि व्यापाराच्या हिशेबाने तो निव्वळ खोळंबा होता. पण १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तो याच फुकट्या श्रोत्याने. दुकानातील गाणे रस्त्यावर सांडत असे आणि न मागणाऱ्याच्या कानावर पडत असे. कानात बोंडे घातलेल्या माणसाच्या शेजारून आज कितीही गुणी मूल चालत गेले, तरी त्याला काहीही ऐकू येणार नाही, आणि अ‍ॅप त्याला तेच ऐकवील जे त्याने काल ऐकले होते.

दुसरी हानी अधिक चीड आणणारी आहे. कॅसेटच्या डबीत एक घडीचा कागद असे, ज्याला धंद्यात इनले म्हणत. त्यावर राग, ताल, बंदिशीचे शब्द, आणि तबला, हार्मोनियम व तानपुऱ्याच्या साथीदारांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असत. अ‍ॅपवर गायकाचे छायाचित्र मोठे दिसते, पण तबला कोणी वाजवला हे पुष्कळदा कोठेच सापडत नाही, भावगीताचा कवी गळून पडतो, आणि मैफल कोणत्या साली झाली हे विचारण्याची तर सोयच नाही. १९०२ मध्ये हॅनोव्हरच्या तंत्रज्ञाला कळावे म्हणून गाणाऱ्या बाईने स्वतःचे नाव ओरडून सांगितले. तिच्यामागच्या साथीदारांना ती संधी तेव्हाही नव्हती, आणि ज्या एका कागदाने ती त्यांना पुढे दिली, तो आता छापला जात नाही.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची कॅसेटींची खोकी भंगारवाल्याला देण्यापूर्वी वाचकांनी प्रत्येक डबी उघडून आतला कागद काढून घ्यावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि साथीदारांची नावे कोठेतरी लिहून ठेवावीत. रिकाम्या डब्या खुशाल द्याव्यात. त्यांना किलोमागे फारसे काही येत नाही.