पथ्याची बिअर

बिअर प्यायला मोकळीढाकळी माणसं लागतात, हे खरं असेल. करायला मात्र कडक सोवळ्यातली लागतात. लीड्सच्या आमच्या स्वयंपाकघरात मी ओटमील स्टाउटचा घाट घालतो, त्या दिवशी पिंप, नळ्या, डाव, सगळं जंतुनाशकाच्या पाण्यातून निघतं. जवाचं उकळलेलं गोड पाणी निवलं की त्यावर कुणी शिंकायचं नाही, झाकण उघडून डोकवायचं नाही. यीस्टच्या आधी दुसरा कुणी जंतू पोचला की वीस लिटर आंबवणी मोरीत. मुक्कामाला आलेली आई हे सगळं दारातून बघत होती.

"आजीच्या सोवळ्याचा तुला जाच व्हायचा. आणि आता दारूसाठी?"

"बिअर आहे, आई."

"तेच ते. हात धुऊन आले तर शिवू का?"

बाबांची शंका वेगळी. सरकारी नोकरीत जन्म गेलेला, त्यामुळे पहिला प्रश्न, "परवानगी आहे का?" आहे. इथे घरगुती बिअरला १८८० पासून लायसन लागायचं. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते रद्द केलं. विकायची तेवढी नाही. आपल्याकडे हाच उद्योग केला तर १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. तिथे प्यायचं परमिटही प्रकृतीच्या जपणुकीसाठी म्हणून मिळतं. (सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?) पण ओटमील स्टाउटच्या बाबतीत हे अगदीच गैरलागू नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ती आजाऱ्यांचा आणि बाळंतिणींचा खुराक म्हणूनच खपवली जायची. पुढे ती बाजारातून जवळपास नाहीशी झाली आणि १९८० मध्ये आमच्या शेजारच्या टॅडकास्टरातल्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने पुन्हा काढली.

"बाळंतिणीला बिअर!" आईने डिंकाच्या लाडवांच्या वतीने कपाळाला हात लावला.

कृती सोपी आहे. पाच किलो धान्यात अर्धा किलो ओट्स, बाकी मोड आणून वाळवलेलं जव, आणि रंगाला थोडं भाजून काळंकुट्ट केलेलं जव. हे सगळं सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर. ओट्समुळे स्टाउटला जिभेवर रेशमी मऊपणा येतो. मात्र तोच चिकटपणा आधी गाळणीत आपला अंत बघतो.

"याची खळ होणार," आई म्हणाली. जव तिने कधी भिजवलं नव्हतं, पण पिठांशी तिची उभ्या आयुष्याची ओळख. मी दुकानातून आणलेला उपाय पुढे केला: पिशवीभर भाताची तुसं. ती मिसळली की लगदा मोकळा राहतो, पाणी झरझर उतरतं, चवीत फरक पडत नाही. आईने पिशवी उलटीसुलटी करून किंमत शोधली.

"तुसं? पौंडात?"

तिचं माहेर चिपळूणकडचं. तिथे गिरणीवाला लोकांना तुसं फुकट न्या म्हणून विनवतो. गाळणी उपसून झाली, हॉप्स घालून तासभर उकळी झाली, तरी ती मामाच्या गिरणीमागच्या ढिगाचा पौंडात हिशेब करत होती.

नंतर करण्यासारखं काही उरत नाही. दोनेक आठवडे पिंपावरच्या नळीतून बुडबुडे, मग बाटलीत चिमूटभर साखर घालून पुन्हा तेवढीच वाट. बाबा मात्र रोज पिंपाशेजारी पेपर घेऊन बसत आणि काम चालू असल्याची तोंडी नोंद देत.

त्यांना पुण्याच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी ओट्स लावून दिलेत. रोज सकाळी ते तोंड वाकडं करून वाटीभर गिळतात. स्टाउटचा पहिला पेला त्यांनी चौकशी समितीच्या गांभीर्याने संपवला, दुसरा मागून घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"नमस्कार. ओट्स आता मानवतायत. प्रमाण थोडं वाढवलं तर चालेल?"

पलीकडून डॉक्टर खूष. "वाढवा की!"