किक

आमच्या मोटरसायकल मंडळाचं सरासरी वय एकसष्ट आहे. ते साठच्या खाली आणायचं ठरलं, तेव्हा वकीलसाहेबांनी दोन मार्ग सुचवले. एक, तरुण सभासद घ्यायचे. दोन, आप्पांना काढायचं. आप्पा ७८ वर्षांचे. पण रविवारच्या मिसळीचं बिल बहुतेक वेळा तेच देतात, त्यामुळे पहिला मार्ग एकमताने मंजूर झाला.

मंडळाचं मूळ नाव 'टू-स्ट्रोक'. सगळ्यांच्या गाड्या जुन्या येझदी नाहीतर जावा, म्हणून. पुढे डॉक्टरांनी आमच्यातल्या दोघांना यातला दुसरा शब्द जरा वेगळ्या संदर्भात ऐकवला आणि नाव बदलून 'रविवार मंडळ' झालं. रविवारी पहाटे कोथरूडहून निघायचं आणि ताम्हिणी घाट गाठायचा, हा मंडळाचा उद्देश. गेले चार महिने आम्ही पिरंगुटच्या पुढे गेलेलो नाही. पिरंगुटला मिसळ मिळते. शिवाय एकाला पाठ आहे, एकाला गुडघे आहेत आणि मला बायको आहे.

"पोरं अकरावी-बारावीतच पकडू या," मी म्हणालो. वकीलसाहेबांनी लगेच मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ काढलं. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. "तुला तरुण हवेत की तुरुंग?" ते म्हणाले. आप्पांनी नव्या सभासदाला हेल्मेट भेट द्यायची सूचना मांडली. हेच आप्पा एकेकाळी हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चात चालले होते, याची कुणीतरी आठवण करून दिली. "तेव्हा डोक्यावर केस होते," आप्पा म्हणाले.

शेवटी प्रात्यक्षिक ठरलं. स्थळ आमच्या सोसायटीचं पार्किंग, वेळ रविवार सकाळ, आमिष वडापाव. वक्ता मी. कुणी सुचवण्याआधीच मी नम्रपणे होकार दिला होता.

१९९१ साली घेतलेलं लेदरचं जॅकेट काढलं. ते अंगात गेलं, पण चेन लागेना. उघड्या जॅकेटमध्ये माणूस जास्त बेफिकीर दिसतो, असं मी आरशाला सांगितलं. आरसा काही बोलला नाही. सई, म्हणजे माझी मुलगी, बोलली. "बाबा, श्वास सोडलात तरी चालेल."

प्रेक्षक चार. सई, तिच्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या दोन मैत्रिणी आणि वॉचमनचा नऊ वर्षांचा भाचा. कलम १९९-अ त्याला वडापावपुरतं लागू नव्हतं. मी एक हात टाकीवर ठेवला आणि सुरुवात चेकोस्लोव्हाकियापासून केली. जानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' कसं झालं, १९६१ साली म्हैसूरला कारखाना कसा सुरू झाला, जावाची येझदी कशी झाली आणि १९९६ मध्ये सगळं कसं थांबलं. १९७३पर्यंत पोचलो तेव्हा एका मैत्रिणीचा फोन वाजला. तो वाजल्याचा तिला झालेला आनंद मला दिसला. मग मी माझ्या हातखंडा विषयावर आलो.

किकबद्दल मला जरा बोलू द्या. त्या पोरींनाही मी असंच म्हणालो होतो.

सेल्फने सुरू होणारी गाडी नोकरासारखी असते, हाक मारली की हजर. किकची गाडी जावयासारखी. मान राखावा लागतो, वेळ बघावी लागते आणि सगळं यथासांग केलं तरी रुसायची ती रुसतेच. त्यातून येझदीचा थाट आणखी वेगळा. तिची किक आणि गिअर एकच. डाव्या बाजूची लीव्हर आत दाबून वर उभी केली की किक; गाडी सुरू झाल्यावर पुढे पाडली की तीच गिअर. शाळेत एकच मास्तर गणित शिकवतात आणि पीटीही घेतात, तसं. आणि गिअर टाकताना क्लच दाबायला विसरलात तरी चालतं, ती तिचं ती बघून घेते. एवढी समजूतदार गाडी मी पाहिलेली नाही. फक्त ती आधी सुरू व्हावी लागते.

किकचे चार प्रकार. सकाळची किक, उन्हात तापलेल्या गाडीची किक, पावसातली किक आणि लोक बघत असतानाची किक. पहिल्या तीन शिकता येतात. चौथी नशिबाची. लग्नाआधी सासऱ्यांच्या घरून निघताना मी अकरा किका मारल्या होत्या आणि सासरे गॅलरीतून मोजत होते. नंतर कळलं, त्यांनी माझ्याबद्दल एकच शेरा दिला, "पोरगा चिकाटीचा आहे." त्यावर लग्न ठरलं. सेल्फ असता तर मी आज अविवाहित असतो.

ही गाडी वडिलांनी १९८४ साली घेतली. मी सोळाचा होतो. (वकीलसाहेब, कृपया दुर्लक्ष करा.) पहिली किक मारताना त्यांनी माझ्या बुटावर आपली चप्पल ठेवली आणि पाय हळूच खाली नेला. कुठे दाब लागतो ते पायाला कळू दिलं. म्हणाले, "मारू नकोस. तिला विचार."

हे सगळं सांगून मी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. चोक दिला. सहाव्या किकला वकीलसाहेब पुढे सरकले, नवव्याला आप्पांनी देवाचं नाव घेतलं. पार्किंगभर पेट्रोलचा वास सुटला.

"बाबा," सई म्हणाली, "येझदी २०२२मध्ये परत आलीये. तिला बटण आहे."

"ती येझदी नव्हे," मी धापा टाकत म्हणालो, "नुसती आडनावाने येझदी. आणि खरं सांगू का, आजकालच्या पोरांना मोटरसायकलच नकोय!"

"काका, ओटीपी सांगता का?"

मागे एक मुलगा उभा होता. रेनकोट निथळत होता, हातात वीस वडापावांची पिशवी, फाटकाशी त्याची स्प्लेंडर. तो किती वेळ उभा होता, देव जाणे. माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, "पेट्रोल चालू ठेवूनच किका मारल्या का? प्लग भिजला असंल."

त्याने पिशवी सईच्या हातात दिली, कॉक बंद केला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि रिकाम्या पाच-सहा किका मारल्या. मग कॉक उघडून क्षणभर थांबला. पाय हलकेच खाली नेला, दाब लागला तसा थांबला, आणि मग एकच. गाडी धुरासकट बोलायला लागली. वॉचमनच्या भाच्याने टाळ्या वाजवल्या. हे सगळं मला येत होतं. फक्त मी भाषण करत होतो.

"आज्याची होती गावाकडं," तो म्हणाला. "नडगीला दोनदा लागलीय लीव्हर."

मला भरून आलं. मी तिथल्या तिथे मंडळाचं सभासदत्व देऊ केलं. रविवारी ये, ताम्हिणीला जाऊ.

"रविवारीच तर ऑर्डरी जास्त, काका."

"मग सोमवारी जाऊ."

"सोमवारी सुट्टी असती. त्या दिवशी मी गाडीला हात लावत नाही. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर होतंय. पाठ धरती."

आम्ही सहा महिने तरुण कुठे गेले म्हणून शोधत होतो. ते रस्त्यावरच होते, पावसात, आमच्याच सिग्नलला आमच्याच शेजारी, पाठीवर चौकोनी पेटी घेऊन. आम्ही त्यांना मोजलंच नव्हतं, कारण ते हौसेने चालवत नव्हते. आणि आमच्या हौसेचं तरी काय? पौड रस्ता रिकामा होता, पेट्रोल वडिलांच्या पैशाचं होतं आणि कुठे वेळेत पोचायचं नव्हतं. एवढ्या भांडवलावर कोणीही भटक्या होतो. त्या मुलाच्या महिन्याच्या रस्त्यात आमचं पिरंगुट किती वेळा बसेल, हा हिशेब वकीलसाहेबांनी मनात केला असावा, कारण ते बराच वेळ गप्प होते. वकील गप्प बसला की प्रकरण गंभीर असतं. आप्पांनी मुलापुढे वडापाव धरला. तो म्हणाला, "नको, वास सुटतो पेटीला," आणि निघाला. फाटकातून परत आला. ओटीपी राहिला होता.

मंडळाचं इतिवृत्त मी लिहितो. 'तरुणांची उपस्थिती: चार' असं लिहिलं होतं, ते खोडून पाच केलं. शेरा काय लिहावा ते सुचेना.

सगळे गेल्यावर सई खाली आली. गाडी चालूच होती. बंद करायला माझा धीर होत नव्हता. म्हैसूरबद्दल किंवा जानेचेकबद्दल तिने काही विचारलं नाही. म्हणाली, "त्याने मध्येच पाय थांबवला ना, ते कसं करायचं?"

मी तिच्या बुटावर माझा बूट ठेवला आणि तिला दाखवायला म्हणून गाडी बंद केली.

ती अजून बंदच आहे.