चाळकेवाडीच्या सरड्याचे अनावृत पत्र

मा. पवनचक्कीवाले मालकसाहेब यांस,

सा. न. वि. वि. साष्टांग आम्हाला वेगळा घालावा लागत नाही, जन्मापासून पोटावरच आहोत. पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते.

मुक्काम साताऱ्याजवळचा चाळकेवाडीचा सडा. नव्वदच्या दशकात आपण इथे खांब रोवू लागलात तेव्हा आमच्या वाडवडिलांना वाटले, संपले सगळे. घडले उलटेच. पात्यांना बिचकून तिसा, कापशी घार वगैरे शिकारी मंडळींनी इथले आभाळ जवळपास सोडले. आता भर दुपारी उघड्या कातळावर खुशाल पडावे, वर बघायचे कारण नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे सगळे मोजून 2018 साली छापलेही. शेजारच्या चक्क्या नसलेल्या भागाशी ताडून पाहिले, तर चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी चौथ्या हिश्श्याच्या आसपास आणि सरडे मात्र उदंड! आमचे रक्त काढले, त्यात ताणाचे संप्रेरक कमी निघाले. माणूस पार जवळ आला तरी आम्ही लवकर पळत नाही, हेही त्यांनी नोंदवले. आपल्या हद्दीत एवढा निवांत दुसरा कोणी राहिला असेल तर कळवावे.

एक बारीकशी अडचण आहे. पावसाच्या तोंडावर दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-नारिंगी झालर फुलवायची, तेव्हा कुठे माद्या वळून बघतात. पण खाणारी तोंडे वाढली, किडे काही त्या मानाने वाढले नाहीत. आम्ही रोडावलो आणि झालर फिकी पडली. रंग बदलण्याबद्दल माणसांत आमचे नाव उगाच बदनाम आहे. इथे आम्ही रंग बदलला नाही हो, तो गेला.

आपल्या रंगाला मात्र तोड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 साली उद्योगांची पांढरी यादी काढली आणि पवनऊर्जा तीत मानाने बसली. पर्यावरण मंजुरीची 2006 ची अधिसूचना तर आपल्याला लागूच नाही. धूर नाही, सांडपाणी नाही, मग विचारायचे काय? धूर नाही हे खरेच. कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा, एवढे सरपटणाऱ्यांनाही कळते. पण या सड्यावर कातळ, त्यावर पावसाळी फुले, किडे, मग आम्ही आणि आमच्यावर तिसा अशी उतरंड आहे. वरचे मडके काढले तर खालची हलत नाहीत असे म्हणतात. इथे हलली, आणि कुठल्या यादीत त्याची नोंद नाही.

आता जुने छोटे खांब उतरवून मोठे उभारण्याचे सरकारी धोरण आहे, 2016 चे, 2023 साली सुधारलेले. अनेक छोट्यांच्या जागी एक मोठा. आमची धाव कुंपणापर्यंत, म्हणून मागणे आपल्याकडेच. नवा खांब रोवण्याआधी सड्याची पाहणी करवून घ्या, कायद्याने मागितली नसली तरी. मे महिन्यात या, फुलांच्या दिवसांतही या. जे खांब उतरतील त्यांची जागा सलग मोकळी सोडा, आभाळासकट. तिसा परतला तर आमच्यातले काही जातील, ठाऊक आहे. तरी त्याला येऊ द्या.

आपला नम्र,
सरडा