सुस्थितीतील, एकहाती

आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय माणसाची एक श्रद्धा आहे, देवावर असते त्यापेक्षा थोडी जास्तच. वस्तू नीट वापरली की तिचे पैसे येतात. म्हणून आमच्या माळ्यावर मिक्सरचं खोकं आहे, आतल्या थर्माकोलसकट. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीला रबरबँड. ‘उद्या विकायचं झालं तर’ हे या सगळ्यामागचं शास्त्र. तो मिक्सर कधी कोणी विकत मागितला नाही. बंद पडला तेव्हा भंगारवाल्याने वजनावर नेला आणि खोकं नको म्हणाला. खोकं अजून माळ्यावर आहे.

ही श्रद्धा कुठून आली ते मला ठाऊक आहे. ती आकुर्डीहून आली. सत्तरच्या दशकात बजाजच्या स्कूटरला नंबर लावावा लागे आणि तो लागेपर्यंत वर्षंच्या वर्षं जात. किती स्कूटरी बनवायच्या हे कारखान्यापेक्षा दिल्लीतला परवाना ठरवत असे. त्यामुळे वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई, कारण नवी कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं आणि ही समोर उभी होती. आमच्या वडिलांनी त्यांची चेतक काही वर्षं वापरून घेतल्या किमतीपेक्षा जास्तीला विकली. त्या व्यवहाराचं सगळं श्रेय त्यांनी दर रविवारच्या पुसापुशीला, शिवून घेतलेल्या खाकी कव्हरला आणि स्कूटर कोणी मागितली तरी न देण्याच्या धोरणाला दिलं. परवाना राज्याला कोणीच श्रेय दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि रविवारचं ते फडकं घेऊन थेट मोटारीपर्यंत आलो.

माझी गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. सांगितलं की वाचक हे वाचणं बाजूला ठेवून भाव काढतील, आणि तेवढंच मी सध्या पुरेसं ऐकलं आहे. लहान, पेट्रोलवरची, चांदीच्या रंगाची, २००८ चं पासिंग, एमएच-१२, इतकं पुरे. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घेतलं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, वर पर्यावरण कर. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, चासी नंबर ताडून पाहिला आणि विचारलं, “रंग ओरिजिनल आहे?” मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, पण त्यांच्या त्या न बोलण्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

गाडीबरोबर एक फाइल आहे. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं, तारखेप्रमाणे. वायपरचं रबर, हवेचा फिल्टर, क्लच प्लेट, बॅटऱ्या, आणि प्रत्येक कागदावर त्या दिवशीचं मीटर. विमा काढताना जुन्या गाडीला लोक नुसता थर्ड पार्टी घेतात. मी फुल घेत आलो. अशा माणसाने जाहिरात लिहायला घेतली तर तो काय लिहिणार? ‘सुस्थितीतील, एकहाती वापरलेली.’ छोट्या जाहिरातींत हे दोन शब्द आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. सगळ्याच गाड्या सुस्थितीतील आणि एकहाती असत. दुस्थितीतल्या गाड्या तेव्हा कोण विकत होतं हे कळायला मार्ग नाही.

जाहिरात देण्याआधी मी गाडी कामाला दिली. मागच्या डाव्या दाराची काच कित्येक वर्षं अर्ध्यात अडकत असे. आमच्या घरातल्या सगळ्यांना तिला तळहाताने कसा आधार द्यायचा ते माहीत होतं, पाहुण्यांना आम्ही शिकवत असू. ती दुरुस्त झाली. एसीत गॅस भरला. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश झाल्या. गाडी घरी आली तेव्हा सौ. एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, “अहो, ही एवढी चांगली होऊ शकत होती?” या वाक्यात प्रश्न कमी आणि आरोप जास्त होता.

मग फोन सुरू झाले. जुन्या गाडीचा फोन ‘नमस्कार’ने सुरू होत नाही, ‘फायनल किती?’ने सुरू होतो. गाडी पाहण्याआधी, रंग विचारण्याआधी, आपण कोण हे सांगण्याआधी फायनल. पहिली किंमत सांगायची संधीच न मिळाल्याने मी प्रत्येक वेळी फायनलपासून खाली घसरत गेलो. मधूनमधून एजंट बोलत. त्यांच्याकडे ‘पार्टी रेडी’ असते आणि ती नेहमी कॅश घेऊन कुठेतरी उभी असते. एका कंपनीचा मुलगा घरी येऊन गेला. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पत्र्याला लावलं, असंख्य फोटो काढले, गाडीच्या पोटाखाली मोबाइल धरला आणि शेवटी जी किंमत दाखवली ती पाहून मला वाटलं यात एखादं शून्य पडायचं राहिलं असावं.

खरी परीक्षा घेतली ती उस्तादाने. जुनी गाडी घेणारा माणूस एकटा येत नाही. तो, त्याचा मेहुणा आणि एक उस्ताद असे येतात. पैसे पहिल्याचे, मत दुसऱ्याचं आणि शब्द तिसऱ्याचा. (या प्रसंगाची तुलना मुलगी पाहायला येण्याशी करायचा मोह होतो, पण ती इतक्या लोकांनी केली आहे की आता मुलीकडच्यांनीच हरकत घ्यायला हवी.) उस्ताद मात्र पाहण्यासारखा होता. त्याने गाडीकडे समोरून पाहिलंच नाही. तो एका कोपऱ्यात उकिडवा बसला आणि पत्र्यावरून नजर अशी तिरपी नेली की मला स्वतःलाच कुठेतरी पोचा आल्यासारखं वाटलं. बोटाच्या पेराने दारं ठोकून आवाज ऐकले. लांबी भरलेली असली की पत्रा मुका होतो. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले, कंपनीचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. काचांवरचे बारीक शिक्के एकमेकांशी जुळवले. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि त्यावर तळहात धरला, इंजिन श्वास कसा टाकतं ते पाहायला. मला वाटत होतं, असाच माणूस हवा. माझ्या इतक्या वर्षांच्या काळजीची ज्याला पारख आहे असा एकच परीक्षक या शहरात असेल, आणि तो माझ्या पार्किंगमध्ये उकिडवा बसला आहे.

त्याला एकही दोष सापडला नाही. तिथून घोळ सुरू झाला.

मी फाइल पुढे केली. त्याने पानं उलटली, उलटतच राहिला. “काका, एवढी कामं निघाली गाडीला?”

“कामं निघाली नाहीत. करून घेतली. वेळच्या वेळी.”

“तेच म्हणतो मी.”

ज्याच्याकडे एकही बिल नसतं त्याची गाडी ‘कामच नाही काढलं कधी’ म्हणून विकली जाते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग त्याने मीटर पाहिलं. एकसष्ट हजार. “मागे फिरवलंय?” मी बिलांवरचे आकडे ओळीने दाखवले. “मग एवढी कमी चालली म्हणजे उभीच राहिली. उभ्या गाडीचं काही खरं नसतं.” मेहुण्याने मान हलवली. आणि मग त्या मुलाने, म्हणजे ज्याचे पैसे होते त्याने, तोवरचा पहिला प्रश्न विचारला, “काका, एवढी चांगली आहे तर विकता कशाला?”

हा प्रश्न नीट विचारल्याबद्दल एका माणसाला नोबेल पारितोषिक मिळालं आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध छापला. छापला म्हणजे अखेर छापला गेला. आधी नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, एकाने विषय किरकोळ आहे म्हणून. त्यात तो म्हणतो, गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्या गाड्यांना मध्यम गाडीची किंमत देतो. ती किंमत ऐकून चांगल्या गाडीचा मालक गाडी परत घरी नेतो. चांगल्या गाड्या निघून गेल्या की उरलेल्यांचा दर्जा उतरतो, त्याबरोबर भाव उतरतो, मग बऱ्यापैकी गाड्याही निघून जातात. शेवटी बाजारात उरतात त्या आणखी कोणी घेणार नाही अशा. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर वाटून. या सिद्धांताप्रमाणे सुस्थितीतील गाडी घेऊन मी त्या बाजारात असायलाच नको होतो. उस्तादाने तो निबंध वाचलेला नसणार, पण माझ्याकडे तो ज्या नजरेने पाहत होता ती अॅकरलॉफचीच होती.

खरं कारण मी सांगितलं. डावा गुडघा क्लच दाबायला कुरकुरतो, डॉक्टर म्हणाले ऑटोमॅटिक घ्या. उस्तादाने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, क्लचकडे पाहिलं, आणि दोष नक्की दोघांपैकी कुणात आहे याचा विचार करत राहिला.

काळजीची किंमत कुठे लिहिलेली असते ते मी शोधूनही पाहिलं. विमा कंपन्यांचं एक कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. पाच वर्षांपलीकडे कोष्टकच संपतं; पुढची किंमत दोघांनी मिळून ठरवायची. पाच वर्षांपर्यंत कोणी गाडी धुतली की नाही याचा रकाना त्यात नाही, आणि नंतर तर रकानेच नाहीत. एक जागा मात्र सापडली. दावा न करता वर्षं गेली की विम्यात सवलत मिळते, वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत. गाडी विकली की ही सवलत गाडीबरोबर जात नाही. ती मालकाची असते. पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येते. म्हणजे मी नीट वागलो हे विमा कंपनीला मान्य आहे, पण ते गाडीत नाही, माझ्यात आहे, आणि मला विकायची होती गाडी.

नातेवाइकांना विकू नका, असं सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं. मुळात विकूच नका, असं कोणी म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून घेणारे दिल्लीचे हरपाल सिंग यांनी ती गाडी कधीच विकली नाही. २०१० मध्ये ते गेले तोवर ती त्यांच्याकडेच होती. घरासमोर गंजली, पण विकली नाही. पुढे कंपनीने ती नीट करून आपल्या कार्यालयात मांडली. पार्किंगचा प्रश्न नसता तर तेही मला जमलं असतं.

त्या मुलानेच गाडी घेतली. किंमत सांगत नाही. फायनलच्या खालची होती. पण मधे पितृपंधरवडा आला. “घरचे नको म्हणतात काका. इसार घटस्थापनेला देतो.” बाजारभाव, मीटर, टायर यांबरोबर आमचे पूर्वजही माझ्या गाडीचा व्यवहार ठरवत होते. घट बसले त्या दिवशी तो इसार घेऊन आला, आणि दसऱ्याला आईला, बायकोला आणि झेंडूच्या हाराला घेऊन आला. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, सह्या, पेन्सिल घासून काढलेला चासी नंबरचा ठसा. फास्टॅग मी सोलून काढला. डॅशबोर्डवरचा गणपती काढायला गेलो तर त्याची आई म्हणाली, “राहू दे दादा, ते गाडीचे आहेत.” फाइल देऊ लागलो तेव्हा मुलगा म्हणाला, “ती ठेवा तुमच्याकडंच.” ती आता माळ्यावर, मिक्सरच्या खोक्यात अगदी मापात बसली.

नाव बदलायला दिलं तरी बदलून यायला वेळ लागतो, आणि तोवर गाडी कागदावर आपलीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: गाडी किती का हातांतून गेलेली असेना, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाई त्याच्या दारात. त्यामुळे मी रोज मोबाइलवर नोंद तपासत होतो. नोंद बदलायच्या आधी मेसेज आला, वाहतूक पोलिसांचा. ई-चलन. वेगमर्यादेचं उल्लंघन. माझ्याकडे असताना या गाडीने साठचा काटा फक्त घाट उतरताना आणि माझ्या इच्छेविरुद्ध ओलांडला असेल. चलनावर वेग होता ९६.

मुलाला फोन केला. तो ओशाळला, लगेच भरतो म्हणाला, आणि अर्ध्या तासात भरल्याची पावतीही पाठवली. पण तोवर मी चलनावरचा फोटो मोठा करून पाहत बसलो होतो. हेडलाइट लख्ख, मागची काच पूर्ण वर, नंबर प्लेट स्वच्छ, आणि गाडी जमिनीला चिकटून सरळ रेषेत. मी फोटो सौ.ला दाखवला. तिने चष्मा लावला, फोटो पाहिला, वेगाचा आकडा पाहिला.

“शहाण्णव?” ती म्हणाली. “अहो, मग तुम्ही किंमत कमीच सांगितलीत.”