चढाव किती अंशांचा?

सह्याद्रीतल्या माणसांपुढे वर्धेकराने डोंगराचा विषय काढू नये. ती कीव आल्यासारखी बघतात आणि "तुमच्याकडे कापूस छान होतो, नाही का?" असं म्हणून विषय बदलतात. टेकड्या आम्हालाही आहेत. गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची टेकडी आहे. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल तिथे दगड होऊन पडला, अशी आख्यायिका आहे. पुण्याच्या नातेवाइकांना मी ती मुद्दाम सांगतो.

खुद्द वर्ध्यात १९९७ साली स्थापन झालेलं हिंदी विश्वविद्यालय टेकड्यांवर वसलं आहे. तिथल्या ग्रंथालयाला राहुल सांकृत्यायन यांचं नाव आहे. हा गृहस्थ तिबेटात चार वेळा जाऊन आला, खेचरांवर लादून पोथ्या घेऊन आला आणि वर 'घुमक्कड शास्त्र' लिहून मोकळा झाला. त्याच बाजूच्या चढाच्या पक्क्या रस्त्याने मी ऐन मे महिन्यात फिरायला जातो. खेचर नसतं. शेजारचे काकाजी असतात.

काकाजी एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. चढाव सुरू झाला की "इथं सेकंड टाका भाऊ" म्हणतात. वळणावर तोंडानेच हॉर्न देतात. मी दम खायला थांबलो की "इंजिन गरम होऊन राह्यलं, पानी टाका" असा सल्ला येतो.

पण गरम होतो तो रस्ता. काळं डांबर आणि खाली काळा बेसाल्ट, दोघांनाही ऊन साठवायची हौस. काल दुपारी ठेवलेली ठेव ते आज पहाटे साडेपाचलाच व्याजासह परत करतात. सावलीचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात साग चिक्कार. सागाचं पान हत्तीच्या कानाएवढं. फक्त ते उन्हाळ्याआधी गळतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर, आपण छत्री घेतली की, परत येतं. उरतो तो दुपट्टा. डोकं, कान, नाक, तोंड सगळं गुंडाळलं की रस्त्यावर नुसते डोळे चालत असतात. उधारी असलेल्या माणसालाही मे महिन्यात वर्ध्यात उजळ माथ्याने फिरता येतं, माथा झाकून.

या चालण्यातून मी एक सूत्र काढलं आहे. टेकडीची उंची नुसती मीटरमध्ये मोजणं हा विदर्भावर अन्याय आहे. पारा चाळीस अंशांवर गेला की पुढच्या प्रत्येक अंशाला तीनशे मीटर उंची वाढवून धरावी. या हिशेबाने पंचेचाळीस अंशांना आमची टेकडी कळसूबाईच्या खांद्याशी येते आणि सेहेचाळीसला तिच्या १६४६ मीटरना मागे टाकते. तेही शिडी न लावता.

सूत्र जगभर लागू आहे. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. पण तिथे १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, म्हणजे त्या दिवशी तो खड्डा आल्प्सच्या सर्वोच्च शिखराहून उंच होता! तिथून दर जुलैत डांबरी रस्त्याने २१७ किलोमीटरची शर्यत निघते आणि खऱ्याखुऱ्या डोंगरात २५०० मीटरवर संपते. ४८ तासांत पोचणाऱ्याला काय मिळतं? पट्ट्याचं बक्कल. रोख काही नाही. काकाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "डबल ड्युटी करूनबी ओव्हरटाइम नाही? कोर्टात जा म्हणा."

गांधीजींचं धैर्यही याच सूत्राने मोजावं. वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते राहायला पायी निघाले ती तारीख होती ३० एप्रिल १९३६, आणि वय ६६. रस्ता तसा सपाट. पण वर्ध्यात घर बदलायला एप्रिलचा शेवटचा दिवस निवडणारा माणूस इंग्रजांना काय भिणार?

माथ्यावर पोचलं की आमच्यासारखीच दुपट्टेवाली मंडळी घाम पुसत बसलेली असतात. तिथे प्रकृतीची चौकशी होत नाही. कालचं कमाल तापमान वाचलं जातं. परवा एकाने मोबाइल काढून जाहीर केलं, "चंद्रपूर सेहेचाळीस, आपण पंचेचाळीस." सगळ्यांचे चेहरे उतरले. माझ्या हिशेबाने चंद्रपूर घरबसल्या तीनशे मीटर वर गेलं होतं आणि आम्ही एवढं चढून खालीच होतो.

काकाजींनी मात्र दुपट्टा झटकला. "जाऊ द्या नं भाऊ," ते म्हणाले, "त्याह्यच्याकडे कोळशाच्या खानी हायेत. आपलं त निव्वळ देवाचं ऊन हाये!"